येऊ दे, येऊ दे

ज्याला गाडीमागे जोडलेला ट्रेलर मागे घेता येत नाही त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. ते शिकता येतं, मनावर घेतलं तर एका दुपारीत शिकता येतं. पण ज्याला येत नाही आणि तरीही जो गाडीतून उतरून मागे काय आहे ते बघायला तयार नाही, नुसती काच खाली करून बायकोवर ओरडत बसतो, त्याच्याबद्दल मला तुच्छता वाटते. साधीसुधी नाही, मनापासून. असली माणसं मी दर उन्हाळ्यात बघते. इथे कॅनडात, कनाटा गावाच्या बाहेर एका बंद पडलेल्या दुकानाचा मोठा पार्किंग लॉट आहे. मुलं घराबाहेर पडल्यापासून दर शनिवार-रविवार मी तिथे लोकांना ट्रेलर ओढायला आणि मागे घ्यायला शिकवते. येणाऱ्यांत निम्मे आपलेच, पुण्या-नागपूरचे सॉफ्टवेअरवाले. गाडीला चारी बाजूंनी कॅमेरे, फोनमध्ये अॅप, डोक्यात पन्नास व्हिडिओ, आणि पहिल्या पाच मिनिटांत मी मांडलेले सगळे नारिंगी प्लास्टिकचे शंकू आडवे. मग काच खाली जाते आणि आतून आवाज येतो, "अगं, नीट सांग ना!" तो आवाज मी डोळे मिटून ओळखेन. मी त्या आवाजाच्या घरात वाढले.

तो आवाज माझ्या बाबांचा. बाबा टेलिकॉममध्ये इंजिनियर होते, पुण्याचे, आणि या दोन्ही गोष्टी समोरच्याला पहिल्या दोन वाक्यांत कळतील याची ते काळजी घेत. घरात प्रत्येक वस्तूची फाइल होती. डिशवॉशरची, स्नो टायरची, फर्नेसच्या फिल्टरची. घर तापवणारा तो फर्नेस बेसमेंटमध्ये सुरू झाला की आधी एक खाकरल्यासारखा आवाज यायचा आणि बाबा मान वर करून म्हणायचे, "चार मिनिटं लवकर." हे ऐकून कुणी काय करायचं ते आम्हाला कधीच कळलं नाही. दुसरा आवाज स्मोक अलार्मचा. आईने फोडणी टाकली रे टाकली की तो किंचाळायला लागायचा, म्हणून बाबांनी त्याला आंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली होती आणि स्वयंपाक झाला की ती काढायची जबाबदारी आईची होती. ती विसरायची. मग जेवताना बाबा ताटावरून नजर न उचलता म्हणायचे, "शालन, टोपी." बस, एवढंच. थालीपीठ कसं झालंय, लोणी घरचं आहे, यावर एक अक्षर नाही. आई तोंडातला घास तसाच ठेवून उठायची, स्टुलावर चढायची, टोपी काढायची.

आई सांगलीजवळच्या एका खेड्यातली. लग्न होऊन पुण्याला आली तेव्हा तिची बोली सासरच्यांनी पहिल्या सहा महिन्यांत घासून पुसून स्वच्छ केली, आणि राहिलेली कॅनडाने केली. तिच्याबद्दल बोलायची आमच्या घरात एक रीत होती. ती मला बाबांकडून आयती मिळाली आणि मी ती अगदी हौसेने वापरली. मी एकोणीस वर्षांची होते, युनिव्हर्सिटीचं पहिलं वर्ष संपवून उन्हाळ्यात घरी आले होते. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि तेसुद्धा डोळे वर फिरवून. तिला पिन नंबर लक्षात राहत नाही, ग्रोसरीच्या दुकानात कूपन पुढे करताना ती अडखळते, ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये ती दोनदा नापास झालीय: हे सगळं मी मैत्रिणींना रंगवून सांगत असे. आता मी गॅरेजचा कोड विसरले की माझीच मुलगी तसेच डोळे फिरवते. काय तोंडाने बोलणार?

त्या टेस्टची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं होतं. गावाबाहेर एक ग्रीनहाउस होतं, फुलझाडांचं. आई मे महिन्यात तिथे टोमॅटोची रोपं आणायला गेली आणि रोपं उलटसुलट करून बघता बघता तिने मालकिणीला दाखवलं की अमुक ओळीला पाणी जास्त होतंय. मालकीण खूश झाली. सप्टेंबरपासून कामाला ये म्हणाली, पण इकडे बस येत नाही, गाडी चालवता आली पाहिजे. आई घरी आली ती तरंगत. बावीस वर्षांत कुणी तिला पहिल्यांदा काहीतरी येतं म्हणून बोलावलं होतं. ऑगस्टमध्ये तिची तिसरी टेस्ट होती. पण टेस्टला आपली गाडी आपणच न्यावी लागते, आणि गाडी होती बाबांची. शिकवायलाही तेच शेजारी बसायचे. शिकवणं म्हणजे काय, तर ब्रेक दाबण्याआधी "ब्रेक!" आणि दाबल्यावर "एवढा कशाला?" दोनदा नापास झाल्यावर ते म्हणाले, "जिला मागे घेता येत नाही तिने पुढे कशाला जावं?" आणि स्वतःच्या वाक्यावर स्वतःच हसले. गाडी देईन की नाही, ते मात्र सांगेनात.

त्याच सुमारास त्यांनी कॅम्पिंगचा ट्रेलर घेतला. जुनाच होता, पांढरा, कडेने तपकिरी पट्टा, आत दोन बाकं, एक छोटा स्टोव्ह आणि उंदराचा वास. विकणाऱ्याने तो आमच्या ड्राइव्हवेवर आणून लावला, चाकांना लाकडी ओंडके दिले आणि जाताना बाबांना म्हणाला की आधी रिकाम्या जागेत प्रॅक्टिस कर. तो माणूस ट्रक चालवायचा. बाबा आत येऊन म्हणाले, "आता हे लोक मला शिकवणार." शनिवारी सकाळी पूजा ठरली. त्यासाठी दामलेकाका आले. दामलेकाका बाबांच्याच ऑफिसातले, आमच्याहून चार वर्षं आधी कॅनडात आलेले आणि त्या चार वर्षांच्या जोरावर जन्मभर सल्ले देत सुटलेले. नारळ, उदबत्ती, ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर स्वस्तिक, सगळं झालं. ट्रेलरला अजून गाडी जोडलेली नव्हती. दांड्याखाली एक छोटं चाक होतं, त्यावर तो टेकला होता, आणि आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडे चांगला उतरता. काका लिंबू ठेवायला वाकले तर मध्ये ओंडका. "श्रीकांत, हे काढ रे, लिंबू चाकाखालीच पाहिजे." आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अहो, ते काढू नका. गाडी जोडलेली नाही." बाबा म्हणाले, "शालन, तू ताट धर." आणि दोन इंजिनियरांनी, दोघांच्या मिळून चार पदव्या, ओंडके बाजूला केले आणि दीड टनाचा ट्रेलर लिंबांवर उभा केला.

लिंबं फुटली, तेवढा शकुन झाला. मग ट्रेलर निघाला. आधी इतका हळू की काका "अरे वा" म्हणाले. समोरच्या घरातली म्हातारी रस्त्यापलीकडे तिच्या कुत्र्याला घेऊन उभी होती. बाबा दोन्ही हात पुढे करून "अरे, अरे" करत राहिले, जणू ट्रेलर ओळखीचा आहे आणि ऐकेल. आईने ताट खाली ठेवलं नाही, टाकलंच. नारळ ज्यावर मांडला होता तो पाट तिने उचलला, दोन ढांगांत चाकाच्या पुढे गेली, पाट आडवा सरकवला आणि टाचेने आत ठोकला. पाट करकरला, मधोमध चिरला आणि ट्रेलर थांबला. मग बाबा बोलले. "अगं, तो माझ्या आईचा पाट होता!" मी पायरीवर बसून हसत होते, पाटाला नाही, आईच्या पायांना लागलेल्या कुंकवाला. तिला एवढं चटकन कसं सुचलं, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्याही सुपीक डोक्यात आला नाही.

मग दोन महिने दर रविवारी सकाळी प्रॅक्टिस. बाबांनी आलेखाच्या कागदावर गाडी आणि ट्रेलरचे कोन काढले होते, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टिअरिंगशेजारी ठेवायचे. आईला मागे उभं करायचे. तिने हात हलवून "येऊ दे, येऊ दे" म्हणायचं, गावाकडे ट्रकमागे क्लीनर म्हणतो तसं, आणि धोका दिसला की "थांबा". तिने थांबा म्हटलं तरी बाबा थांबायचे नाहीत, कारण कागदाप्रमाणे अजून जागा असायची. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो, ही गोष्ट त्यांना कागदावर मान्य होती आणि प्रत्यक्षात अपमानास्पद वाटायची. मग ते घाईने उलट फिरवायचे, फार फिरवायचे, आणि गाडी न् ट्रेलर कात्रीसारखे एकमेकांवर मिटत यायचे. काच खाली. "शालन! तू सांगतेस काय आणि होतंय काय!" आई म्हणायची, "अहो, एकदा खाली उतरून बघा की." ते कधी उतरले नाहीत. मला वाटतं, उतरणं म्हणजे माहीत नसल्याची कबुली देणं, असं त्यांचं गणित होतं. मलाही त्यांनी दोनदा बसू दिलं. मला तर त्यांच्याइतकंही जमलं नाही. पण मी बाबांची मुलगी असल्यामुळे तीही चूक आईचीच ठरली. आई घरून डब्यात मेतकूट-पोहे आणायची, ते गार झाल्यावर आम्ही गाडीत बसून खायचो आणि आई बाहेर ट्रेलरच्या सावलीत.

"लाँग वीकएंडला कॅम्पग्राउंडवर ट्रेलर नीट लागला तर टेस्टला गाडी देईन," बाबांनी एकदाचं सांगून टाकलं. टेस्ट पुढच्याच गुरुवारी होती. म्हणजे ट्रेलर बाबा लावणार, आणि तो वाकडा लागला तर गाडी आईला नाही मिळणार. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आज हे लिहिताना पेन आपटावंसं वाटतं.

कॅम्पग्राउंडवर आपली पाच कुटुंबं आधीच पोचली होती. घडीच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, शंकरपाळे आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात, कुणीतरी स्टोव्हवर कांदाभजी काढत होतं आणि सगळ्या झाडीत तोच वास. आमची जागा दोन पाइन झाडांच्या मध्ये, डावीकडे मोठा खडक, उजवीकडे विजेचा खांब. बाबांनी पहिला प्रयत्न केला, फसला. तेवढ्यात खुर्च्यांतले सगळे पुरुष उठून आले. आपल्या माणसांना दुसऱ्याची गाडी मागे येताना दिसली की गप्प राहवत नाही, तिथे बसून भजी खाणं जमत नाही. दामलेकाका डावीकडून "येऊ दे, येऊ दे", एक जण उजवीकडून हवेत स्टिअरिंग फिरवत "काट मार, काट मार", तिसरा नुसताच ट्रेलरवर थापा मारतोय. आई सगळ्यांच्या मागे, तिचा हात कुणालाच दिसत नव्हता. चौथ्या प्रयत्नाला ट्रेलर विजेच्या खांबाला टेकला आणि गाडीचा मागचा कोपरा ट्रेलरच्या दांड्यावर चेपला. रस्त्यात मागे तीन गाड्या खोळंबल्या होत्या. त्यांतले गोरे लोक काही बोलत नव्हते, आणि बाबांना तेच झोंबलं.

काच खाली गेली. "एवढं साधं येऊ दे म्हणता येत नाही तुला!" बाबा ओरडले, सगळ्यांच्या देखत, पाच कुटुंबं, पोरंटोरं, भजीवाल्या काकू. "आणि म्हणे लायसन्स हवंय! विसर ती टेस्ट. गाडीला हात लावायचा नाही." आई पुढे आली. खिडकीशी येऊन अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी घेऊ का मागे?"

मी हसले. खुदकन नाही, चांगली मोठ्याने, मान मागे टाकून. "यू? आई, प्लीज! यू कान्ट ईव्हन पार्क!" मी हसले म्हणून सगळे हसले. पोटची मुलगी हसतेय म्हटल्यावर परवानगीच मिळाली. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग दार उघडलं आणि उभीच राहिली, बाबा उतरायची वाट बघत. बाबा रागाने उतरले, दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि म्हणाले, "घे! होऊन जाऊ दे तमाशा!"

आई लगेच बसली नाही. तिने ओढणी कमरेला खोचली आणि ट्रेलरभोवती चालत गेली, पूर्ण फेरी. खांब किती लांब, खडक कुठे, वर फांदी किती खाली आलीय, सगळं बघितलं. मग दामलेकाकांना म्हणाली, "भावजी, तिथनं सरा. समदेच सरा. मागं कुणी उभं राहायचं न्हाई." समदेच! तो शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सगळे मुकाट्याने खुर्च्यांकडे गेले. तिने चपला काढून गवतात ठेवल्या, अनवाणी बसली, आधी गाडी पुढे नेऊन ट्रेलर सरळ केला, आणि स्टिअरिंग खालून धरलं, एका हाताने. नंतर तिने मला शिकवलं तेव्हा कळलं की हात खाली धरला की जिकडे ट्रेलर न्यायचा तिकडेच हात न्यायचा, डोक्याला ताप नाही. गाडी मुंगीच्या चालीने मागे निघाली. मध्येच थांबली, आई उतरली, मागे जाऊन बघून आली, बसली. थोडं पुढे घेतलं, पुन्हा मागे. पुन्हा उतरली. भजी तळणाऱ्या काकूंचा झारा हातात तसाच. तिसऱ्यांदा ती उतरली तेव्हा ट्रेलर दोन झाडांच्या बरोबर मध्ये होता. तिने आधी चाकांना ओंडके लावले, लाथ मारून घट्ट बसल्याची खात्री केली आणि मगच गाडी सोडवली. शिकाऊ लायसन्सवर, शेजारी कुणी नसताना हे करणं कायद्याने चूकच होतं. माझ्या विद्यार्थ्यांनी आज केलं तर मी त्यांना हाकलून देईन. तरीही इतकं सुरेख मागे घेणं मी नंतर फार थोड्यांचं बघितलंय.

मागे खोळंबलेल्या गाडीतल्या एका माणसाने टाळ्या वाजवल्या. आपल्यापैकी कुणी नाही. बाबा दामलेकाकांना म्हणाले, "बघितलंस? दोन महिने मी सांगत होतो, तसंच केलं तिने." हे वाक्य माझ्या कानांनी ऐकलंय, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. आई चपला घालत होती. तिने गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. "अहो, ट्रेलर लागला," ती म्हणाली, पुन्हा आपल्या पुणेरी मराठीत. "गुरुवारी टेस्ट आहे. गाडी मी नेणार. बरोबर कुणी नसतं तर बरं, पण लायसन्सवाला लागतो, तेव्हा तुम्ही बसा. बोलू मात्र नका." बाबांनी भज्यांकडे बघून मान डोलावली.

संध्याकाळी कांदे चिरताना मी विचारलं, या वेळी मराठीत, की हे तुला कसं येतं. ती म्हणाली, माहेरी ट्रॅक्टर होता, ट्रॉलीतून ऊस जायचा कारखान्याला. एका हंगामात दादाचा पाय मोडला, तेव्हा ही सतरा वर्षांची. गोठा आणि विहीर यांच्यामधून शेणखताची ट्रॉली मागे घ्यायची, रोज, विहिरीला कठडा नव्हता. "उतरून बघितल्याशिवाय कोण घेईल?" ती म्हणाली. मला तिने एवढंच सांगितलं आणि पुन्हा कांद्याकडे वळली. गुरुवारी ती पास झाली. ग्रीनहाउसमध्ये सोळा वर्षं कामाला जात राहिली, फावड्याने बर्फ उपसून, स्वतःची गाडी स्वतः काढून. बाबांनी तो ट्रेलर महिन्याभरात विकून टाकला. कारण विचारलं तर म्हणाले, मेंटेनन्स फार आहे. त्यांनी शेवटपर्यंत गोष्ट तशीच सांगितली, त्यांनी शिकवलं आणि तिने केलं. ते गेले तेव्हा मी रडले, वडील होते माझे. पण ती गोष्ट मी त्यांना माफ केलेली नाही.

बाबांना मी इतकी वर्षं झोडपत आले, लॉटवरच्या प्रत्येक काच खाली करणाऱ्या नवऱ्यात त्यांना बघत आले. गेल्या हिवाळ्यात आई माझ्या किचनमध्ये मटार सोलत बसली होती. मी तिला म्हटलं, एवढं येत होतं तर बावीस वर्षांत एकदा तरी सांगायचंस. आणि त्या दिवशीच दार उघडून अडून का उभी राहिलीस? बाबा तर रोजच ओरडायचे. तिने शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"त्यांच्या ओरडण्याची मला सवय झाली होती गं. तुझ्या हसण्याची व्हायला नको होती."